तिथीवर आखलेली कोकण सहल

नाशिककराला पाणी चढताना दिसतं ते पावसाळ्यात. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की आपण गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी जातो, तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलंय ते बघतो आणि त्यावरून पुराचा अंदाज बांधतो. समुद्राचं पाणी मात्र रोज दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. तळकोकणात जाणारे बहुतेक जण खोली, गाडी, जेवण सगळं महिनाभर आधी ठरवतात. त्या दिवशी त्या वेळी पाणी कुठे असेल, एवढंच बघत नाहीत. मग देवगडजवळच्या कुणकेश्वराला ऐन भरतीत पोचतात आणि खडकावरची शिवलिंगं न बघता परततात.

म्हणून सिंधुदुर्ग जिल्ह्याची सहल ठरली तेव्हा मी ठिकाणांची यादी बाजूला ठेवली. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि आधी तिथ्या मांडल्या.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची. येईल तो पूर्ण भरतीचा तास. सकाळी एकदा, संध्याकाळी किंवा रात्री एकदा. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच. सासूबाईंना पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, अजून तोंडपाठ आहे. मी नुसतं "एकादशी" म्हटलं की त्या लगेच, "अकरा पाऊण सव्वाआठ". पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. बंदरागणिक आणि ऋतूगणिक यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा होडीत बसण्याआधी तिथल्या माणसाला विचारायचंच. पण घरी बसून आठवडा आखायला एवढं पुरतं. दुसरी गोष्ट, अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं: पाणी खूप चढतं आणि तेवढंच खोल उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढ-उतार दोन्ही बेताचे.

हे कळलं की दिवस आपोआप जागेवर बसतात. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी भरल्या पाण्यात हवी, म्हणजे सकाळची भरती हवी. ती दशमी-एकादशीला मिळते. कुणकेश्वरला पाणी शक्य तितकं मागे गेलेलं हवं आणि तेही उजेडात. ते पौर्णिमेच्या संध्याकाळी. मधले दिवस आतल्या गावांसाठी. असं करून माघ शुद्ध अष्टमीला निघायचं ठरलं. महाशिवरात्रीला कुणकेश्वरची मोठी यात्रा असते, तिच्या बरंच आधी आम्ही परतणार होतो. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेचा दिवस पंचांगात सापडत नाही, देवीचा कौल घेऊन ठरवतात. तेव्हा ती तारीख जाहीर झाली की ती टाळून खोल्या घ्याव्यात, कारण त्या दिवसांत मालवण-कणकवलीत राहायला जागा मिळत नाही.

आम्ही चौघं: आम्ही दोघं नवराबायको, कॉलेजातली लेक आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे सहाशेच्या आसपासचे किलोमीटर एका दिवसात कापायचे नाहीत हे पहिलं कलम.

अष्टमी: नाशिक ते कोल्हापूर

पहाटे चारला निघालो. सिन्नर, संगमनेर, चंदनापुरीचा घाट, नारायणगाव. चाकणची गर्दी सुरू व्हायच्या आत पुणं गाठायचं असेल तर पहाटेला पर्याय नाही. डिकीत दिंडोरीच्या द्राक्षांची पेटी होती. फेब्रुवारीत नाशिकहून कुणाकडे मोकळ्या हाताने जाणं शोभत नाही. दुपारनंतर कोल्हापूर. अंबाबाईचं दर्शन घेतलं, लवकर जेवलो, झोपलो.

नवमी: घाट उतरून मालवण

कोल्हापूरहून गगनबावड्यापर्यंत उसाचे मळे. गगनबावड्यातून खाली उतरायला करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट आहेत. कामासाठी किंवा दरडीमुळे कधी एक बंद असतो, कधी दुसरा. कोल्हापुरातच चौकशी करून निघावं. पठारावरची कोरडी हवा आणि खालची दमट हवा यांच्यात फक्त या वळणांचं अंतर आहे. वर स्वेटर होता, वैभववाडीत तो काढला. माती लाल, घरांना जांभ्याचा दगड, आमराईत मोहोर. तळेरे, कणकवली, कसाल करत मालवण.

मुक्काम चिवला किनाऱ्यावर एका घरगुती निवासात. द्राक्षांची पेटी तिथल्या काकींच्या हातात दिली, आणि त्यांनी पहिल्याच चहाबरोबर आमच्या सगळ्या बेताची उलटतपासणी घेतली. मी कागद दाखवला. त्यांनी तिथ्या वाचल्या, मान डोलावली आणि किल्ल्याबद्दल एवढंच म्हणाल्या, "पाणी भरलेला असा तवसर जावन येवा, सुकती लागली की खडक वर येतत." सुकती म्हणजे ओहोटी.

दशमी: रापण

हा दिवस मी मुद्दाम मोकळा ठेवला होता. दोन दिवसांच्या प्रवासानंतर लगेच होडीत चढवलं तर वयस्कर माणसं उरलेली सहल फक्त सोसतात.

सकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती. होडीतून जाळं लांब अर्धगोलात समुद्रात सोडतात, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर, आणि प्रत्येक टोकाला माणसांची रांग. रांगेतला शेवटचा माणूस दोर सोडून पुन्हा पाण्याजवळ येतो आणि पहिला होतो. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकत जातात, तसा पाण्यातला गोल आवळत येतो. लेकीने विचारलं, हात लावू का? एकाने जागा करून दिली. बराच वेळ ओढल्यावर जाळ्याचा खोळ वाळूवर आला. त्यात तारली होत्या, थोडे बांगडे, एक-दोन खेकडे. वाटणी तिथेच झाली: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. यंत्राच्या होड्या आणि मोठे ट्रॉलर आल्यापासून किनाऱ्याजवळ मासा कमी झाला, हे इथले रापणकर कळवळून सांगतात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती मासळीला वाढायला वेळ मिळावा म्हणून; पण उरलेल्या दहा महिन्यांत कोण किती आणि किनाऱ्यापासून किती अंतरावर ओढतं, यावर या रांगेतल्या माणसांचं पोट आहे. मालवणात मासे खाऊन फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने एक सकाळ रापणीपाशी उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

दुपारचं ऊन फेब्रुवारीतही चिकट असतं. बारा ते चार घराबाहेर पडायचंच नाही, हा नियम आम्ही शेवटपर्यंत शक्य तिथे पाळला. संध्याकाळी दांडीच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव बघितला आणि जवळच मोरयाचा धोंडा. किनाऱ्यावरच्या या खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. सिंधुदुर्गाच्या बांधकामाची पूजा शिवाजी महाराजांनी इथे केली.

एकादशी: सिंधुदुर्ग

सव्वाआठच्या भरतीचा हिशेब करून आम्ही साडेसातलाच बंदरावर होतो. किल्ला कुरटे बेटावर आहे, होडीने पंधरा-वीस मिनिटं. पाणी भरलेलं होतं तरी होडीवाला सरळ जात नव्हता. मध्येच वळायचा, पुन्हा समोर घ्यायचा. बेटाभोवती पाण्याखाली खडकांची रांग आहे आणि वाट फक्त माहीतगाराला ठाऊक. महाराजांनी हीच जागा निवडण्यात या खडकांचा मोठा वाटा आहे. शत्रूचं जड गलबत इथवर येऊच शकत नव्हतं.

अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. गोमुखी रचनेमुळे तो तटाच्या वळणात लपलाय. २५ नोव्हेंबर १६६४ ला काम सुरू झालं आणि तीन वर्षांत पुरं झालं. सुमारे ४८ एकरांचं बेट, त्याच्या कडेकडेने नागमोडी तट. पाया बसवताना शिसं ओतलं होतं. साडेतीनशे पावसाळे या तटाने अंगावर घेतलेत.

सासूबाई दरवाजातून आत शिरल्या आणि तिथल्या देवडीत बसल्या. पुढे चालणार नाही म्हणाल्या. मग हाताचा आणि पायाचा ठसा इथेच वरच्या घुमटीत आहे असं कळलं. चुन्यात उमटलेले महाराजांचे ठसे. लेकीचा हात धरून त्या अरुंद पायऱ्या चढल्या. त्यानंतर बसायचं नावच नाही. शिवराजेश्वराच्या मंदिरापर्यंत आमच्या बरोबरीने आल्या. हे मंदिर राजाराम महाराजांनी बांधवलं. आत महाराजांची बैठी मूर्ती आहे, डोक्यावर टोप. जवळच दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधल्या या विहिरींना गोडं. किल्ल्यात आजही वस्ती आहे, आणि ती टिकली ती या विहिरींमुळे.

दहाच्या पुढे पाणी उतरायला लागलेलं दिसत होतं. परतीच्या होडीतून सकाळी न दिसलेले काळे खडक ओळीने दिसले. काकींचं म्हणणं डोळ्यांनी पटलं.

माघातली ही जया एकादशी. सासूबाईंचा उपास, म्हणून काकींनी न सांगता वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि रताळ्याच्या काचऱ्या केल्या. आम्हा तिघांच्या पानातही तेच. मासळीच्या गावात मासळीशिवाय गेलेला तो दिवस चवीला जराही कमी नव्हता.

द्वादशी: तारकर्ली, देवबाग, संगम

कर्ली नदी समुद्राला मिळण्याआधी बराच वेळ त्याच्या शेजारून वाहते, आणि मध्ये वाळूची लांब चिंचोळी पट्टी राहते. तीच तारकर्ली-देवबाग. रस्त्याच्या एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी.

नऊची भरती. साडेआठला खाडीत होडी घेतली. पाणी काठोकाठ, माडांच्या मुळांशी. होडी आतल्या फाट्यांपर्यंत गेली. खारफुटीत धोबी पक्षी आणि बगळे. ओहोटीत यातले बरेचसे फाटे चिखल होतात. संगमावर नदीचं पाणी आणि समुद्राची लाट समोरासमोर येतात, तिथे पोहायला उतरू नये. होडीवाले सांगतातच, पण वाळू बघून मोह होतो. पलीकडे भोगवे दिसतं. होडीने काही मिनिटं, गाडीने मात्र खाडीला वळसा घालून तासभर तरी. कोकणात नकाशावरची अंतरं सेंटिमीटरने मोजून दिवस आखू नयेत ते या खाड्यांमुळे. कुठे पूल आहे, कुठे नाही, ते आधी बघावं.

लेकीने स्कुबा केलं. गळ्यापर्यंतच्या पाण्यात आधी श्वास घ्यायला शिकवतात, खुणा पाठ करून घेतात, आणि खाली पूर्ण वेळ प्रशिक्षक सोबत असतो. दमा, कानाचं दुखणं, रक्तदाब असं काही असेल तर लपवू नये. वर आली तेव्हा रंगीत माशांचं इतकं सांगत होती की जेवण थंड झालं.

आणि जेवण थंड होऊ द्यायचं नव्हतं! सुरमईची तुकडी, तिसऱ्यांचं सुकं, तिरफळ घातलेली बांगड्याची कढी, भात, सोलकढी. सासूबाईंसाठी ओल्या काजूंची उसळ आणि काळ्या वाटाण्याचं सांबार-आंबोळ्या. ओले काजू नुकते सुरू झाले होते. ते सोलताना चिकाने हात भाजतात, म्हणून महाग. दर ऐकून घासाघीस करू नये.

त्रयोदशी: पिंगुळी, वालावल, धामापूर

समुद्राला सुट्टी.

कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आणि बाहुल्यांची परंपरा आहे. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ चा पद्मश्री जाहीर झाला. त्यांच्या कुटुंबाने घरच्या गोठ्याचंच संग्रहालय केलंय. चित्रकथी म्हणजे रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची कागदावरची चित्रं. एका कथेच्या चित्रांची एक पोथी. एकेक चित्र समोर धरत गायचं आणि गोष्ट सांगायची, साथीला वीणा, टाळ, डमरू. सावंतवाडी संस्थानाने या कलावंतांना आश्रय दिला होता. आम्हाला सीताहरणाचा प्रसंग ऐकायला मिळाला. पंचवटीत राहणाऱ्या माणसाला सीतागुंफेची रांग रोजची. तीच कथा तळकोकणातल्या गोठ्यात, वेगळ्या चालीत ऐकताना सासूबाईंचे डोळे भरून आले. कलाकारांनी आम्ही नाशिकचे म्हटल्यावर पंचवटीचं चित्र पुन्हा काढून दाखवलं.

हे बघायचं तर आधी फोन करून जावं आणि किमान दोन तास ठेवावेत. 'जाता जाता' बघायची ही जागा नाही.

वालावलचं लक्ष्मीनारायण मंदिर आणि धामापूरचा तलाव दुपारनंतर. भगवती देवीच्या देवळाच्या पायऱ्या थेट तलावात उतरतात. जुन्या काळी बांधलेल्या या तलावाला २०२० साली जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला.

चतुर्दशी: वेंगुर्ला, आरवली, शिरोडा

सकाळी वायंगणीच्या किनाऱ्यावर थांबलो. थंडीत इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. गावकरी ती घरटी जाळी लावून राखतात आणि पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडतात. त्या दिवशी पिल्लं निघाली नाहीत. राखण करणाऱ्याने प्रत्येक घरट्यावरची तारीख दाखवली आणि साधारण पन्नास दिवसांचा हिशेब समजावला. माझ्या मते तेवढ्यासाठीही थांबणं सार्थकी लागलं.

आरवलीला वेतोबा. देवाला वाहिलेल्या भल्यामोठ्या चामडी चपला मांडून ठेवल्यात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात, ही इथली श्रद्धा. केळ्यांचे घड वाहायचीही रीत आहे. शिरोड्याला मिठागरं. १९३० साली इथे मिठाचा सत्याग्रह झाला. पाण्याचे चौकोन उन्हात पांढरे होत जातात, ते बघताना लेकीने इतिहासाच्या पुस्तकातल्या एका ओळीची जागा पहिल्यांदा पाहिली.

साडेचारची ओहोटी. वेळागरच्या किनाऱ्यावर पाणी दूर गेलेलं, आणि मागे ओली, घट्ट वाळू. गुडघे दुखणाऱ्या माणसाला किनाऱ्यावर फिरवायचं तर ही वेळ. वरच्या सुक्या वाळूत पाय रुततात, या पट्ट्यावर नाही. सासूबाई काठी न घेता लांबपर्यंत चालल्या.

पौर्णिमा: आचरा, कुणकेश्वर

सामान घेऊन उत्तरेला. काकींनी द्राक्षांच्या पेटीत कोकमाचं आगळ, काजूगर आणि मालवणी खाजं भरून दिलं. आचऱ्याला रामेश्वराचं दर्शन घेऊन दुपारी कुणकेश्वरात पोचलो. पाणी मंदिराच्या आवाराखालच्या भिंतीला लागलेलं होतं. शिवलिंगांचा मागमूस नाही. आमच्याबरोबर आलेल्या दोन गाड्या बघून निघूनही गेल्या. मी त्यातल्या एका ताईंना पाचपर्यंत थांबा म्हणाले. त्यांना पुढे गणपतीपुळं गाठायचं होतं.

आम्ही खोलीवर पडलो. साडेचारला खाली आलो, तेव्हा खडकांचे माथे दिसायला लागले होते. पाचच्या पुढे एकेक शिवलिंग उघडं पडत गेलं: खडकातच कोरलेली, लाटांनी गुळगुळीत झालेली, काहींसमोर नंदी. पांडवांनी कोरली असं गाव सांगतं. उधाणाचा दिवस असल्याने पाणी खूप मागे गेलं होतं आणि त्यामुळे जास्तीत जास्त लिंगं दिसली. पुजारी म्हणाले, अष्टमीला आला असता तर एवढी दिसली नसती. खडकावर शेवाळ असतं, चप्पल काढून जपून चालावं. मावळतीला सूर्य आणि मागे माडांवरून माघी पौर्णिमेचा चंद्र, दोन्ही एका वेळी. या एका संध्याकाळसाठी मी अष्टमीला निघायचा आग्रह धरला होता.

वद्य प्रतिपदा: विजयदुर्ग आणि परत

लवकर निघालो, कारण ओहोटी सकाळी पावणेसातची. विजयदुर्गाच्या अलीकडे गिर्ये गावात वाघोटन खाडीच्या काठी मराठा आरमाराची जुनी गोदी आहे: खडक खोदून आणि दगडी भिंती बांधून केलेला मोठा हौद. भरतीला जहाज आत घ्यायचं, पाणी उतरलं की कोरड्यावर दुरुस्ती करायची, पुढच्या भरतीला बाहेर काढायचं. आता तिथे गाळ साचलाय. एवढी महत्त्वाची जागा आणि तिथे पोचणारे मोजके. किल्ल्यावर येणाऱ्या प्रत्येकाने इथे थांबायला हवं.

विजयदुर्ग म्हणजे जुना घेरिया. तिहेरी तट, तीन बाजूंना पाणी. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज मिळून तुळाजी आंग्र्यांवर चालून आले, आणि इथे आंग्र्यांचं आरमार जळालं. आपल्याच माणसांनी इंग्रजांना सोबत घेऊन आपलंच आरमार संपवलं, हे बुरुजावर उभं राहून आठवलं की राग येतो, अजूनही येतो. किल्ल्यापासून समुद्रात पाण्याखाली एक भिंत आढळली आहे, जिच्यावर शत्रूची जहाजं आपटत असं सांगतात. वरून काही दिसत नाही, फक्त पाणी. पावणेएकला ते पूर्ण भरलं, आणि आम्ही तळेऱ्याच्या रस्त्याला लागलो. रात्री कोल्हापूर, दुसऱ्या दिवशी नाशिक.

जाऊबाईंना मे महिन्यात जायचंय, देवगडचा हापूस झाडाखाली खायला. त्यांना मी वद्य अष्टमी ते अमावास्या असे दिवस काढून दिलेत: एकादशीला किल्ला, अमावास्येला कुणकेश्वर. किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ मेअखेरीला बंद होतात ते सप्टेंबरपर्यंत, म्हणून त्याआधीची अमावास्या धरलीय. काकींकडे खोलीही सांगून ठेवली आहे.